गच्चीवरचा कालवा

सोपानतात्या जिना चढत नसत. जिना मोजत असत. बारामतीतल्या या तीन मजली इमारतीत आम्ही राहायला आलो, त्या दिवशी खोकी आणि गाद्या यांच्या गर्दीतून वाट काढीत एक उंच, सडसडीत, उन्हाने रापलेले गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर आमच्या दारापाशी येऊन थांबले. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात बांबूची काठी. काठीवर बुंध्यापासून मुठीपर्यंत चाकूने पाडलेल्या खाचा. त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. उंबऱ्याकडे पाहिले, आणि मोजमाप जुळल्याच्या समाधानाने म्हणाले, "तळमजल्याच्या माझ्या दारापास्नं तुमचं दार बेचाळीस पावलं. लई लांब न्हाय. कायबी लागलं तर हाक मारा." नाव, गाव, नोकरी यांतले काहीही विचारण्याआधी आमच्यामधले अंतर सांगणारा असा शेजारी मी आधी पाहिला नव्हता.

तात्या पाटकरी म्हणून निवृत्त झाले होते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी कोणत्या चारीला, कोणत्या दिवशी, किती वेळ द्यायचे ते पाहायचे, दरवाजे उचलायचे, मिटायचे, आणि त्यासाठी कालव्याच्या भरावावरून रोज मैल मैल चालायचे, हे त्यांचे काम. इंदापूर तालुक्यातल्या, कालव्याच्या शेवटाकडच्या गावांत त्यांची बत्तीस वर्षे गेली. काठीवरच्या खाचा पाण्याची खोली पाहण्यासाठी होत्या. आता पाणी नव्हते, पण खाचांवरून अंगठा फिरवण्याची सवय उरली होती. बोलताना शब्द सापडेनासा झाला की तो अंगठा एकेक खाच वर चढत जाई, आणि मुठीपाशी पोचेपर्यंत शब्द हाती लागलेला असे.

कालव्याच्या शेवटाला ते 'टेल' म्हणत, आणि टेल हा त्यांचा धर्म होता. "वरच्याच्या वावरात पाणी आपल्या पायानं जातंय," ते सांगत. "टेलाला न्यावं लागतंय. म्हणून आधी टेल भिजवायचं, मग वर वर यायचं." ही पाटबंधारे खात्याचीच रीत, पण रीत असणे आणि ती पाळणे यांच्यात किती अंतर असते, ते त्यांनी पायांनी मोजलेले होते. एका उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या एका बड्या बागायतदाराने पाळी नसताना पाणी मागितले. आधी आंब्यांची पाटी आली, मागून बदलीची धमकी. तात्यांनी पाटी जशीच्या तशी परत पाठवली आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत दरवाजाच्या चाकावर हात ठेवून उन्हात उभे राहिले.

"मग झाली का बदली?" मी विचारले होते.

"झाली की! सा म्हैन्यांनी झाली." ते मोकळे हसले. "पर त्या पाळीला टेलाचा भुईमूग भिजला, बाई. बत्तीस वर्सांत पाण्याची खोटी नोंद माझ्या हातनं एकदाबी झाली न्हाय." मी कॉलेजात मराठी शिकवते म्हणून ते मला 'बाई' म्हणत, आणि त्यांच्या तोंडी त्या शब्दाला वर्गातल्या फळ्याचा, खडूच्या धुळीचा मान असे.

ज्या वर्षी सारे जग दाराआड गेले, त्या वर्षीच्या माघात माझे वडील गेले. आमच्याकडे दुखवटा सरला की भावाने येऊन बहिणीला चार दिवस माहेरी न्यायची रीत आहे. नवऱ्यामागे उरलेल्या बाईला, ती ज्या घरी कुणाची तरी लेक होती त्या घरी नेऊन न्हाऊ घालायचे, जेवू घालायचे. मग तिने आपल्या घरी परतायचे. आईचे माहेर म्हणजे अंथुर्ण्याच्या पुढे, कालव्याला लागून असलेला पिंपळमळा. पाडवा झाला की बापूमामा न्यायला येणार होता. आईने पिशवी भरून दाराशी ठेवली होती: दोन सुती लुगडी, भावजयीसाठी खण, भाच्यांसाठी खोबऱ्याच्या वड्या. पाडव्याला गुढी उभी राहिली ती रिकाम्या रस्त्यावर. मामाचा फोन आला, "अक्का, गावानं वेशीला काट्या लावल्यात. मला बाहीर सोडंनात, आन तुला आत घेणार न्हाईत."

वड्या आम्ही दोघींनी खाल्ल्या. पिशवी तशीच दाराशी राहिली, आणि आई पलंगावर पडली ती उठेना. ताप नव्हता, खोकला नव्हता. रोज पहाटे देवळापर्यंत चालत जाणारी, मंडईतून मेथीच्या जुड्या नाकाला लावून निवडणारी माझी आई, पडद्यातून येणाऱ्या उन्हाच्या पट्टीकडे पाठ करून दिवसचे दिवस पडून राहू लागली. वेणी घालीना. तिचे केस उशीवर वाळल्या गवतासारखे पसरत, आणि खोलीला न वाळलेल्या कपड्यांचा वास येऊ लागला. नवऱ्यासाठी ती रडली नव्हती. आता बोलतही नव्हती. पलीकडच्या खोलीत मी मोबाईलसमोर बसून मुलांना कविता शिकवीत असे, आणि भिंतीपलीकडची शांतता माझ्या प्रत्येक ओळीखाली पाण्यासारखी साचत असे. डॉक्टर फोनवर म्हणाले, "गोळ्या देतो, पण त्यांना चालत्या ठेवा. आता बसल्या तर कायमच्या बसतील." चालत्या ठेवा. कुठे? रस्त्यावर पोलीस होते आणि जिन्यात भीती होती.

तात्या मात्र एक दिवसही थांबले नव्हते. गच्चीची एक फेरी म्हणजे ऐंशी पावले, हे त्यांनी पहिल्या सकाळीच मोजले. मग गेरू कालवून पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर त्यांनी एक लांब रेघ ओढली. एका टोकाला बारामती, पुढे कन्हेरी, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, आणि असेच खाली टेलापर्यंत. अमुक फेऱ्या झाल्या की कन्हेरी, तमुक झाल्या की सणसर. आजचा मुक्काम जिथे, तिथे रेघेवर एक ठिपका. बंद गच्चीवर त्या माणसाने आपला कालवा वाहता केला होता.

हळूहळू इमारतीतले इतरही वर येऊ लागले, तेव्हा तात्यांनी पाण्यासारख्याच पाळ्या बांधल्या. एका वेळी दोन माणसे, मध्ये दहा पावलांचे अंतर, आणि आपली वेळ झाली की गच्ची सोडायची. पहिल्या मजल्यावरचे देशमानेकाका बँकेतून निवृत्त झालेले. संध्याकाळची झुळूक साधायला ते एकदा पाळी मोडून वर आले. तात्यांनी गच्चीच्या दारात काठी आडवी धरली.

"देशमानेसाहेब, तुमची पाळी सकाळी सातला."

"अहो तात्या, पाचच मिनिटं!"

"समद्या बागायतदारांची पाचच मिन्टं असत्यात. तुमचा काय ऊस वाळाय लागलाय का?"

देशमानेकाका हसत, पुटपुटत खाली गेले, आणि दुसऱ्या दिवशी सातला पाच कमी असताना दारात हजर झाले.

एका दुपारी तात्यांनी मला जिन्यात गाठले. तोंडावर उपरणे बांधलेले, चार पायऱ्या खाली उभे. "अक्का दिसंनात," ते म्हणाले. मी सांगितले. आईच्या पडून राहण्यापेक्षा मी दाराशी राहिलेल्या पिशवीचे आणि पिंपळमळ्याचेच सांगत बसले. त्यांचा अंगठा खाचा चढू लागला.

"बाई, पाय थांबलं की डोस्कं चालाय लागतंय. आन डोस्कं एकटं चालाय लागलं की वाट चुकतंय." मग थोडे थांबून, "मी रिटायर झालो तवा चार म्हैनं खुर्चीत बसून हुतो. कुणाशी बोलायचो न्हाय. आमची मंडळी तवा हयात हुती. ती एक दिस म्हनली, 'देऊळ किती पावलं हाय वो?' मला ठाव न्हवतं! बत्तीस वर्सं कालवा मोजला, आन देऊळ न्हाय मोजलं. गेलो मोजाय. तवापास्नं थांबलो न्हाय." त्यांनी काठी पायरीवर टेकली. "ह्या इमारतीचं टेल तुमच्या घरात हाय. आधी तितं पाणी न्यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात आले. आत नाही, उंबऱ्याबाहेर उभे राहून आईच्या खोलीच्या दिशेने त्यांनी आवाज दिला. "अक्का, एक इचारायचं हुतं. पिंपळमळ्याच्या मोरीला दोन नळ हायेत न्हवं?"

मोरी म्हणजे वाटेखालून पाणी काढून देणारा बुटका पूल, आणि नळ म्हणजे त्यातले सिमेंटचे मोठे पाइप. ते किती, मला ठाऊक नव्हते; मी नकाराची मान हलवली.

"दोनच हायेत," तात्या मला ऐकवल्यासारखे मोठ्याने म्हणाले. "मी लिवून टाकतो, दोन."

पलंग करकरला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा आईचा आवाज आला, घोगरा, पण चिडलेला. "तीन हायेत! एक फुटका हाय. तुमाला येवढं ठाव न्हाय, आन कालवा राखत हुता?"

"दोनच, अक्का."

"तीन!"

"मग वर येऊन भिंतीवर दाखवा. मी कुणाचं ऐकून लिवत न्हाय."

ते निघून गेले. जिन्यात त्यांची काठी टक् टक् वाजत वर गेली. आई उठून बसली. पदर सारखा केला, केसांची गाठ मारली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "ह्यो माणूस माझ्या माहेराचा एक नळ खातोय. चल गं, धर मला."

त्या सकाळी ती गच्चीवर पोचली ती जिन्यात चार वेळा बसून. गच्चीत पाऊल ठेवले तेव्हा चैत्राचे ऊन तिच्या चेहऱ्यावर पडले, आणि तिने डोळे असे मिटले, जसे कुणी फार दिवसांनी न्हाताना मिटावेत. तापल्या सिमेंटचा, कुणाच्या तरी वाळत्या कुरडयांचा, लांबून येणाऱ्या कडुनिंबाच्या मोहराचा वास तिथे होता. कठडा धरून तिने अर्धी फेरी केली. तात्यांनी तिला उलट्या बादलीवर बसवले, भिंतीवर पिंपळमळ्याच्या नावापाशी गेरूचे तीन ठसठशीत ठिपके काढले, तिसऱ्यावर फुली मारली, आणि रेघेच्या सुरुवातीला एक नवीन खूण केली. "अक्का बारामतीतनं निगाल्या," ते म्हणाले. "भाऊ येऊ शकत न्हाय, तर आपुन चालत जाऊ. कालव्याकालव्यानं."

आई तेव्हापासून रोज चालली. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या, मग पाच, मग दहा. तात्या दहा पावले पुढे, पाठमोरे, काठी टेकीत, आणि सारखे बोलत. "आता कन्हेरीची शिवारं आली. डाव्या हाताला ऊस हाय, जरा दबकून, कोल्हं असंल." "सणसर आलं अक्का, कारखान्याच्या मळीचा वास येतोय का?" मला कुरडयांचाच वास येई, आई मात्र पदर नाकाशी नेऊन म्हणे, "आला बाई!" लासुर्णे ओलांडले त्या दिवशी तिने वेणी घातली. घरी आल्यावर ताटात दुसरी भाकरी मागून घेतली. मी पलीकडच्या खोलीत शिकवीत असले की भिंतीआडून तिच्या गुणगुणण्याचा आवाज येई, आणि माझ्या ओळी मला पुन्हा माझ्या वाटत.

अंथुर्णे मागे पडले. आईची घाई वाढली. "आता आलंच की," ती म्हणाली. "उद्या पोचंन मी."

तात्यांचा अंगठा खाचा चढला. "उद्या न्हाय. म्होरं वळण हाय."

"कसलं वळण?"

"मोठं हाय. कालवा तितं वढ्याला वळसा घालून जातोय. बारा दिस तरी खाईल."

"मला न्हाय आठवत."

"कसं आठवंल? तुमी बैलगाडीत झोपून जात असाल!"

आई वैतागली, पण पाटकऱ्याशी कालव्यावरून कोण भांडणार? ती ते वळण चालली. बारा दिवस, रोज थोडे जास्त. त्या बारा दिवसांत तिने कठडा सोडला.

पोचायच्या दिवशी तिने जांभळे लुगडे नेसले आणि दाराशी पडलेली ती पिशवी उचलून स्वतः वर नेली. मामाला आधीच सांगून ठेवले होते. तो मोबाईल घेऊन पिंपळमळ्याच्या मोरीवर उभा होता. कालव्याला उन्हाळी पाळी सुटलेली. शेवटची फेरी पुरी करून आई टाकीपाशी उभी राहिली, आणि मी मोबाईल तिच्यासमोर धरला. तळहाताएवढ्या चौकटीत मोरीचे तीन नळ दिसले. दोन भरून वाहणारे, तिसरा फुटक्या कडेने फुसफुसणारा. पाण्याचा आवाज गच्चीभर झाला.

"आलीस का गं अक्का?" मामा म्हणाला.

"आले रे," आई म्हणाली, आणि रडली. वडील गेल्यापासूनचे सारे रडणे तिने तिथे उभ्याने रडून घेतले. बसली नाही, कशाला धरले नाही. तात्या पाठ फिरवून कठड्यापाशी उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

मला धास्ती होती ती दुसऱ्या दिवसाची. पोचलेले माणूस पुन्हा पलंगाकडे वळले तर? पण सकाळी दारात काठी वाजली. "अक्का, माहेरी गेलेलं माणूस परत याया लागतंय का न्हाय? चला, आता उलट्या फेऱ्या." आणि आई चपला शोधू लागली.

दिवाळीत वाटा खुल्या झाल्या. भाऊबीजेला मामा आला आणि आईला खरोखरीच घेऊन गेला. न्हाऊन, जेवून, चार दिवसांनी ती परतली. घरी न येता ती थेट तळमजल्यावर तात्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. मागे तिची पिशवी धरून मी. तात्या ताटात गहू निवडत बसले होते.

"तात्या, अंथुर्ण्याच्या म्होरं वळण कुठंय?"

"कंचं वळण?"

"ते, ज्याच्यापायी मी बारा दिस चालले. कालवा तितं भांगासारखा सरळ हाय. माझ्या डोळ्यांनी बघून आले."

काठी भिंतीशी होती. त्यांचा अंगठा ताटाच्या काठावरूनच एक फेरी फिरला. "न्हाय तितं वळण," ते म्हणाले. "मी घातलं."

"आन वर मला म्हनता, गाडीत झोपत हुता!"

"काय करणार अक्का? तवा तुमी कठडा धरून चालत हुता. पोचला असता, पर पोचून काय केलं असतं? पोचाय पाय लागत्यात; पोचल्यावर उभं राह्याला त्याहून जास्त लागत्यात." त्यांनी मान खाली घातली. शाळेत उत्तर चुकल्यावर पाटी पालथी ठेवणाऱ्या मुलासारखे ते दिसत होते. "बत्तीस वर्सांत खोटी नोंद केली न्हाय. ही एक झाली. आता काय सजा द्याल ती द्या."

आई माझ्याकडे वळली. मग तिने पिशवीत हात घालून माहेरच्या भुईमुगाच्या शेंगांचा पुडा काढला आणि गव्हाच्या ताटाशेजारी ठेवला. "सजा ही, की उद्यापास्नं तुमची पाळी मी ठरवणार. सकाळी सातला, देशमानेसाहेबांच्या संगती. पाच मिन्टं चालणार न्हाईत."

देशमानेकाका सांगतात की पुढची काही वर्षे त्या तिघांचे गच्चीवरचे भांडण हेच त्यांच्या गुडघ्यांचे औषध होते. पाटकऱ्याच्या सरळ आयुष्यातली ती एकच वाकडी नोंद माझ्या आईच्या नावावर आहे, याचा मला जितका अभिमान वाटतो, तितका मी मिळवलेल्या कोणत्याही पदवीचा वाटलेला नाही.

गेल्या पौषात तात्या गेले. सकाळची फेरी करून आले, उन्हात खुर्ची टाकून बसले, आणि तिथेच शांतपणे मिटले. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचा मुलगा काठी घेऊन वर आला. "तात्या म्हणून ठेवून गेलेत, ही अक्कांची," तो म्हणाला. आईने काठी घेतली, पण उंबऱ्यात उभी राहून ती जिन्याकडेच पाहत होती. "बेचाळीस पावलं," ती हळूच म्हणाली.

आठवड्याने तिने मला आणि मामाला अंथुर्ण्याच्या पुलावर नेले. तिथून पिंपळमळ्यापर्यंत ती खऱ्या भरावावरून चालणार होती. सत्तरी ओलांडलेली, हातात त्या खाचांची काठी. एका अंगाला पाणी चालले होते, थंड, मातकट, स्वतःशी बोलणारे; दुसऱ्या अंगाला उसाचे तुरे पांढरे झाले होते. पुढे कालवा सरळ होता, भांगासारखा, नजर पोचेल तिथपर्यंत.

त्या सरळ वाटेवर मध्येच आई थांबली. काठी टेकली. मग भरावावरून जपून खाली उतरली आणि बांधाबांधाने, एका बाभळीला वळसा घालून, लांबचा फेरा घेऊ लागली. डोक्यावर गवताचा भारा घेऊन येणारी एक बाई तिला बघून थबकली. "म्हातारे, सरळ वाट हाय की! आडरानात कुठं निगालीस?"

"हितं वळण हाय, बाई," आई न थांबता म्हणाली. "मोठं हाय."

मामा माझ्याकडे पाहून हसला. आम्ही दोघांनीही सरळ वाट सोडली आणि पावले मोजीत तिच्यामागून उतरलो.